सालिम अली

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर, इ.स. १८९६ : मुंबई – २० जून, इ.स. १९८७ : मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, लेखक आणि निसर्गसंवर्धक होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांची पद्धतशीर क्षेत्रीय पाहणी करणारे पहिले भारतीय म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्यापूर्वी भारतातील पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः संग्रहालयातील कातड्यांवरून होत असे. पक्षी कोठे राहतो, काय खातो, घरटे केव्हा बांधतो आणि कोणत्या ऋतूत दिसेनासा होतो, हे प्रत्यक्ष रानात जाऊन नोंदवण्याची रीत अलींनी या देशात रुजवली. बैलगाडी, मोटारगाडी, उंट, मोटारसायकल अशा मिळेल त्या वाहनाने त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे प्रवास केला. त्यांचे बहुतेक ग्रंथ या प्रवासांतूनच जन्मले.

बालपण

सालिम अलींचा जन्म मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे, नववे अपत्य होते. ते एक वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन आणि तीन वर्षांचे असताना आई झीनत-उन-निसा यांचे निधन झाले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी या भावंडांचा सांभाळ केला. स्वातंत्र्यलढ्यातील नेते अब्बास तय्यबजी हेही त्यांचे मामा होत.

मामांना शिकारीचा शौक होता आणि घरातील मुलांना छर्‍याची बंदूक मिळत असे. एकदा सालिमने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीपेक्षा हा पक्षी निराळा वाटल्याने मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. ही संस्था १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झाली होती. तो पक्षी पिवळ्या कंठाची रानचिमणी असल्याचे मिलार्ड यांनी सांगितले, संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकेही दिली. पुढे अलींनी आपल्या आत्मचरित्राला याच चिमणीवरून नाव दिले.

शिक्षण आणि ब्रह्मदेश

शालेय वयात डोकेदुखीच्या विकारामुळे त्यांच्या शिक्षणात वारंवार खंड पडला. हवापालटासाठी त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. १९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशातील तावॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. व्यापारात त्यांचे मन रमले नाही. आसपासच्या जंगलातील पक्षी मात्र त्यांनी मनसोक्त पाहिले. मोटारसायकलचा आयुष्यभराचा नादही येथेच लागला.

१९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र असे दुहेरी शिक्षण घेतले. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना बेगम यांच्याशी झाला.

नोकरी, जर्मनी आणि किहीम

विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा अलींना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्गविज्ञान दालनात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. शास्त्रीय शिक्षणाची उणीव भरून काढण्यासाठी १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याची पद्धत शिकली. श्ट्रेझमान यांना ते अखेरपर्यंत आपले गुरू मानत.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशांअभावी त्यांची जागा रद्द झाली होती. चौतीस वर्षे वय, हाती युरोपातील प्रशिक्षण, पण नोकरी नाही, अशी त्यांची स्थिती होती. मुंबईतील खर्च झेपणारा नसल्याने अली दांपत्य अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहण्यास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत घराजवळच होती. पावसाळ्यात तासन्‌तास निरीक्षण करून अलींनी सुगरणीच्या प्रजननाचा क्रम उलगडला. नर अर्धे घरटे विणतो. मादी ते पाहून पसंत करते आणि मगच ते पुरे होते. तिने अंडी घातल्यावर तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो व दुसरी मादी मिळवतो. या निरीक्षणांवरील त्यांचा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांत त्यांचे नाव झाले.

संस्थानांतील पक्षिपाहण्या

ब्रिटिश मुलखातील अनेक भागांच्या पक्षिसूची त्या वेळी उपलब्ध होत्या. बऱ्याच संस्थानांची पाहणी मात्र झालेली नव्हती. अलींनी संस्थानिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला. प्रवास, मुक्काम आणि शिबिराचा खर्च संस्थानाने करावा; आपल्या कामाचा मोबदला आपण घेणार नाही. नोकरी नसलेल्या माणसाने असे विनावेतन काम पत्करणे धाडसाचे होते. तेहमिना बेगम यांनी काटकसरीने संसार चालवला आणि त्या स्वतः शिबिरांत सोबत राहिल्या, म्हणून ते शक्य झाले.

पहिली मोठी पाहणी हैदराबाद संस्थानाची होती (१९३१–३२). तेलंगणाबरोबर आजचा मराठवाडा आणि कर्नाटकातील काही जिल्हे या संस्थानात येत. उत्तरेस काही अंतरापर्यंत पैनगंगा ही त्याची सीमा होती. नदीच्या अलीकडे वऱ्हाडातील उमरखेडचा परिसर आणि पलीकडे निजामी मुलखातील हदगाव व किनवटची राने होती. माणसांनी आखलेली ही सीमा पक्ष्यांना ठाऊक नव्हती. त्यामुळे एका राज्याची यादी ही शेजारच्या प्रदेशातील पक्षिजीवन समजून घेण्यासही उपयोगी पडत असे. हैदराबादनंतर त्रावणकोर व कोचीन (१९३३), मध्य भारतातील ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ व धार, तसेच बहावलपूर, म्हैसूर, गुजरात, कच्छ आणि बस्तर या प्रदेशांच्या पाहण्या झाल्या.

प्रवासाची आखणी

पाहणीचे यश आखणीवर अवलंबून असे. मुक्काम निवडताना डोंगर, नदीकाठ, माळरान, झुडपी रान, पानगळीचे जंगल, तळे असे प्रत्येक प्रकारचे अधिवास वाट्यास येतील हे पाहावे लागे. ऋतूचा विचारही तितकाच महत्त्वाचा होता. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी भेटतात; स्थानिक पक्ष्यांची वीण पाहायची तर अनेकांसाठी उन्हाळा आणि सुगरणीसारख्यांसाठी पावसाळा गाठावा लागतो. एकाच ऋतूत केलेल्या यादीवरून एखादा पक्षी त्या भागात बारमाही आहे की केवळ वाटसरू, हे ठरवता येत नाही.

डांबरी रस्ते थोडेच होते. मोटार जेथे थांबे तेथून सामान बैलगाड्यांवर चढवले जाई. तंबू, शिधा, बंदुका व काडतुसे, कातडी टिकवण्याची द्रव्ये, कापूस, चिठ्ठ्या आणि वह्या असे ते सामान असे. मुक्काम डाक बंगल्यात, वनखात्याच्या विश्रामगृहात किंवा उघड्यावर तंबूत होई. उजाडण्यापूर्वी रानात जायचे, ऊन चढल्यावर परतायचे, मिळालेले नमुने उष्म्याने खराब होण्याआधी सोलून तयार करायचे आणि टिपणे पूर्ण करायची, असा दिनक्रम असे.

ओळख पक्की करण्यासाठी त्या काळी पक्षी मारून त्याचा नमुना घेणे आवश्यक मानले जाई आणि अलींनीही तसे नमुने मोठ्या संख्येने गोळा केले. नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, लिंग, डोळ्यांचा व चोचीचा रंग आणि इतर तपशील लिहिला जाई. मृत्यूनंतर उडून जाणारे रंग आणि पोटात सापडलेले अन्न त्याच दिवशी नोंदवले नाही तर ते कायमचे हातचे जाते. अलींचे वैशिष्ट्य असे की, त्यांच्या लेखी नमुना हा आधार होता, अंतिम हेतू नव्हे. त्यांच्या वृत्तांतांत पक्ष्याचा आवाज, थव्याची रीत, आवडीची झाडे, फुलांच्या परागीभवनातील त्याचा वाटा यांना मोठी जागा असे. नमुन्यांची शास्त्रीय छाननी इंग्लंडमध्ये निवृत्त पोलीस अधिकारी ह्यू व्हिसलर करत आणि रानातील निरीक्षणे अली लिहीत. दोघांच्या सहकार्यातून हैदराबाद व त्रावणकोरचे वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आले.

पत्नीचे निधन

१९३९ मध्ये एका लहान शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या तेहमिना बेगम यांनी शहरी सुखसोयी सोडून रानातील मुक्काम स्वीकारले होते. अलींच्या इंग्रजी लेखनाच्या सफाईतही त्यांचा मोठा वाटा होता. या आघातानंतर अली वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण कामू व मेहुणे हसन अली यांच्या घरी राहू लागले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढील दीड-दोन वर्षांत त्यांनी सामान्य वाचकांसाठीचे पक्ष्यांचे सचित्र पुस्तक पूर्ण केले. ते १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. भारतात छंद म्हणून पक्षी पाहणाऱ्यांच्या अनेक पिढ्या याच पुस्तकावर वाढल्या.

लोक वान थो आणि पक्ष्यांचे छायाचित्रण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अलींची ओळख लोक वान थो या मलायातील तरुण उद्योगपतीशी झाली. जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आले तेव्हा १९४२ मध्ये वान थो बोटीने निघाले. बोटीवर बॉम्ब पडला, ते गंभीर भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. बरे झाल्यावर ते भारतात आले. पक्ष्यांचे छायाचित्रण हा त्यांचा ध्यास होता. कच्छचे महाराव विजयराजी यांच्या निमंत्रणावरून १९४३–४४ मध्ये झालेल्या पाहणीत ते अलींसोबत होते. युद्धानंतरही दोघांनी भारतात अनेक सहली केल्या. त्यांचा बराच खर्च वान थो उचलत.

छायाचित्रणाच्या प्रवासाची गरज पाहणीपेक्षा वेगळी असते. पाहणीत रोज नवा मुलूख पायाखाली घालायचा असतो. छायाचित्रकाराला एकाच घरट्यापाशी दिवसेंदिवस बसावे लागते. कापडाचा आडोसा घरट्यापासून दूर उभारून तो हळूहळू जवळ आणायचा, पक्षी त्याला सरावला की आत शिरून वाट पाहायची, ही त्या काळची रीत होती. घाई केली तर पक्षी अंडी टाकून जाण्याचा धोका असे. जुन्या कॅमेऱ्यांत दूरवरचे चित्र नीट येत नसल्याने घरट्याजवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. अली स्वतः मुख्यतः निरीक्षक व लेखक होते. पक्षी कोठे व केव्हा सापडेल हे त्यांचे ज्ञान आणि वान थो यांचा कॅमेरा यांचा येथे मेळ बसला. वान थो यांचा छायाचित्रांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांच्या नावाने सोसायटीत पक्षिसंशोधनासाठी निधीही उभा राहिला. २० जून १९६४ रोजी तैवानमधील विमान अपघातात वान थो यांचा मृत्यू झाला.

कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची प्रचंड वीण-वसाहत आहे. चिखलाच्या उंचवट्यांची लाखो घरटी असलेल्या या वसाहतीला अलींनी उंटावरून रण तुडवत भेट दिली. पाऊस पुरेसा झाला तरच तेथे वीण होते. पाणी व चिखल यांमुळे वाट दुर्गम होते. त्यामुळे या प्रवासाची वेळ साधणे फार अवघड असे.

मोटारसायकल आणि युरोपचा प्रवास

अलींनी आयुष्यात वेगवेगळ्या बनावटीच्या अनेक मोटारसायकली वापरल्या. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद भरली तेव्हा त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल मुंबईहून बोटीने युरोपला नेली आणि तेथील अनेक देशांतून ती चालवत परिषद गाठली. वाटेत फ्रान्समध्ये किरकोळ अपघात झाला आणि जर्मनीत दगडी फरसबंदीवर ते काही वेळा घसरले. ते भारतापासूनच मोटारसायकलवर आले, असा समज परिषदेत पसरला होता. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते.

माइनर्ट्झहागेन प्रकरण

१९३७ मध्ये अली ब्रिटिश सैनिकी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्यासोबत अफगाणिस्तानात गेले होते. माइनर्ट्झहागेन यांनी आपल्या रोजनिशीत अलींविषयी तुच्छतेचे शेरे लिहिले होते. पुढे ते वाचनात आल्यावरही अलींनी मैत्री तोडली नाही. उलट आत्मचरित्रात त्यांचा मोकळेपणाने उल्लेख केला.

दोघांच्याही मृत्यूनंतर या प्रकरणाला वेगळे वळण लागले. माइनर्ट्झहागेन यांनी इतर संग्रहांतून पक्ष्यांची कातडी चोरून त्यांवर खोटी स्थळे व तारखा लावल्याचे संशोधकांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. महाराष्ट्र व मध्य भारतात आढळणारा रानपिंगळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९१४ मध्ये हा पक्षी गुजरातेत मिळवल्याचा त्यांचा दावा खोटा निघाला. ती नोंद बाजूला सारून जुन्या विश्वासार्ह नोंदींच्या आधारे शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या. एका खोट्या चिठ्ठीमुळे शोध किती काळ भरकटू शकतो, हे यावरून दिसते. स्थळ व तारखेच्या अचूक नोंदीला अलींनी दिलेले महत्त्वही यामुळे स्पष्ट होते.

संस्थाकार्य आणि संवर्धन

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आर्थिक अडचणीत आली. अलींनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे प्रयत्न करून तिला मदत मिळवून दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प त्यांनी चालवला. हेलिगोलँडवर शिकलेली विद्या तीस वर्षांनी भरतपूर व इतर ठिकाणी अशा रीतीने उपयोगी पडली.

भरतपूरचे केवलादेव हे मूळचे संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे तळे होते. स्वातंत्र्यानंतर ते कोरडे करून शेतीस द्यावे अशी मागणी झाली. अलींच्या प्रयत्नांमुळे ते वाचले आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याबरोबर आलेली गुराढोरांची चराईबंदी मात्र वादग्रस्त ठरली. आसपासच्या गावकऱ्यांचा तिला तीव्र विरोध झाला. अली बंदीच्या बाजूने होते. सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून पुढे असे दिसले की, म्हशींची चराई थांबल्यावर पाण्यातील गवत बेसुमार वाढले आणि पाणपक्ष्यांना उघडे पाणी कमी पडू लागले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे वर्षावन धरणापासून वाचवण्याच्या मोहिमेतही त्यांनी आपले वजन खर्च केले. ते वन १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ सिद्ध केला (१९६८–७४). पहिल्या पाहण्यांपासून जमवलेल्या टिपणांचे सार त्यात उतरले आहे.

प्रमुख ग्रंथ

द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स (१९४१)
द बर्ड्‌स ऑफ कच्छ (१९४५)
इंडियन हिल बर्ड्‌स (१९४९)
द बर्ड्‌स ऑफ त्रावणकोर अँड कोचीन (१९५३)
द बर्ड्‌स ऑफ सिक्कीम (१९६२)
हँडबुक ऑफ द बर्ड्‌स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान (दहा खंड, १९६८–७४, एस. डिलन रिप्ले यांच्यासह)
द फॉल ऑफ अ स्पॅरो (आत्मचरित्र, १९८५)

सन्मान

पद्मभूषण (१९५८)
अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट (१९५८)
ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे सुवर्णपदक (१९६७)
पद्मविभूषण (१९७६)
राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य (१९८५)

जे. पॉल गेटी वन्यजीव संवर्धन पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धन निधीसाठी दिली. पदवी नसल्याने ज्यांना एकेकाळी नोकरी नाकारली गेली, त्यांना पुढे अनेक विद्यापीठांनी डॉक्टरेट दिल्या.

निधन आणि स्मृती

दीर्घ आजारानंतर २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत कर्करोगाने सालिम अलींचे निधन झाले. कोइम्बतूर येथे १९९० मध्ये त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र व निसर्गविज्ञान केंद्र स्थापन झाले. गोव्यात चोडण बेटावरील खारफुटीचे पक्षी अभयारण्य आणि औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथील तलाव यांनाही त्यांचे नाव आहे. दक्षिण भारतातील एका दुर्मीळ वटवाघळाच्या आणि पूर्व हिमालयातील एका कस्तुराच्या शास्त्रीय नावातही ते जपले गेले आहे.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिला दिवस अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि अखेरचा दिवस सालिम अलींचा जन्मदिन आहे. हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाचाही हाच काळ असतो. एकेकाळी संस्थानाची सीमा असलेल्या पैनगंगेच्या काठी, उमरखेड तालुक्यात आज पैनगंगा अभयारण्य आहे. बंदुकीची जागा आता दुर्बीण व कॅमेऱ्याने घेतली असली, तरी पक्षी कोठे, केव्हा व काय करताना दिसला हे त्याच दिवशी लिहून ठेवण्याची अलींची रीत आजच्या निरीक्षकालाही तशीच लागू पडते.